न उघडलेल्या इंजिनाचे ज्ञान

हेड गॅस्केट बिघडल्याचा निर्णय ते डोळ्यांना दिसण्याआधीच घ्यावा लागतो. खाली सिलिंडरांचा ब्लॉक, वर त्याला झाकणारे हेड आणि दोहोंच्या सांध्यात नटांनी आवळून धरलेला, जागोजागी भोके असलेला एक पातळ थर. गॅरेजमध्ये त्याला हेडचे पॅकिंगही म्हणतात. या थराने तीन गोष्टी एकमेकींपासून अलग ठेवायच्या असतात. पहिली म्हणजे सिलिंडरात जळणारा वायू. त्याचे तापमान क्षणभर २००० अंश सेल्सियसच्या वर जाते. दुसरी, सिलिंडरांभोवती खेळणारे पाणी. तिसरी, वर चढणारे आणि खाली ओघळणारे ऑइल. थर एका जागी जळला किंवा फाटला, तरी यातल्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू लागतात. पण तो थर पाहायचा तर अर्धे इंजिन खोलावे लागते. जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्याला दोन-तीन दिवसांचे काम, नवे गॅस्केट आणि लेथवाल्याचा खर्च हे सारे एका न पाहिलेल्या गोष्टीवर विसंबून अंगावर घ्यायचे असते.

इथे एक खरा तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. न पाहिलेल्या बिघाडाविषयी 'मला ठाऊक आहे' असे म्हणण्याचा अधिकार माणसाला केव्हा येतो? नुसते वाटणे कुठे संपते आणि ज्ञान कुठे सुरू होते? भारतीय तर्कशास्त्राने दीड हजार वर्षांहून अधिक काळ या प्रश्नाचा काथ्याकूट केला आहे. त्याचे ठरलेले उदाहरण धुराचे आहे: डोंगरावर धूर दिसतो, अग्नी दिसत नाही, तरी तिथे अग्नी असल्याचे आपण जाणतो. गॅस्केटचा विचारही बहुधा धुरापासूनच सुरू होतो, सायलेन्सरमधून निघणाऱ्या पांढऱ्या धुरापासून. हे साम्य वरवरचे नाही. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांनी, धुराविषयी विचारलेला जवळजवळ प्रत्येक प्रश्न इंजिनापुढे तसाच्या तसा विचारता येतो, आणि त्यांतला एकही टाळला तर नुकसान होते.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेता येईल. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ साली ही गाडी 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून बाजारात आणली आणि १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणजे हीच गाडी. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, पण खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी आजही महाराष्ट्रात दिसतात. तिचे १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन साधे आणि मोकळे आहे. बॉनेट उघडले की हात सगळीकडे पोहोचतो. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ४० सेंटिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले, तर ते सुमारे पाऊण मिलिमीटर वाढू पाहते आणि खालचा ब्लॉक त्याच्या सुमारे निम्मेच. हा फरक दर वेळी गाडी तापताना आणि निवताना मधल्या पातळ थराला सोसावा लागतो. रोजच्या वापरात तो सोसतो. पाणी संपून गाडी एकदा सणकून तापली की हेड वाकते आणि थराची पकड सुटते.

आता अनुमान. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रह' या छोट्या ग्रंथात त्याची मांडणी नवशिक्यांसाठी केली. आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली या ग्रंथाची आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली आणि संस्कृत शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी तर्काची बाराखडी तिच्यावर गिरवली. दुसऱ्याला पटवायच्या अनुमानाला तिथे पाच अवयव सांगितले आहेत. इंजिनाला लावले तर ते असे होतात. प्रतिज्ञा: या इंजिनाच्या सिलिंडरात पाणी जाते. हेतू: कारण त्याच्या सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. उदाहरण: जिथे जिथे असा धूर, तिथे तिथे सिलिंडरात पाणी, जसे अमुक गाडीत होते. उपनय: हे इंजिनही तसाच धूर सोडते. निगमन: म्हणून याच्या सिलिंडरात पाणी जाते. सगळा भार तिसऱ्या अवयवातल्या 'जिथे जिथे, तिथे तिथे' या नात्यावर आहे. त्याला व्याप्ती म्हणतात. व्याप्ती पक्की तर अनुमान पक्के.

आणि इथे ती पक्की नाही. पावसाळ्यात सकाळी सुरू केलेल्या जवळजवळ कोणत्याही गाडीतून पांढरा धूर निघतो. पेट्रोल जळताना वाफ तयार होतेच. थंड सायलेन्सरमध्ये ती निवते आणि धुरासारखी दिसते. नैयायिकांच्या भाषेत हा हेतू सव्यभिचार आहे. साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, नसतानाही तो आढळतो. मात्र नैयायिक हेतू टाकून देऊन मोकळे होत नाहीत. हेतूला कशाची जोड मिळाली की तो खरा होईल, हे ते शोधतात. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे कोणी म्हटले तर ते ओल्या इंधनाकडे बोट दाखवतात: धूर असतो तिथे ओले इंधन असते, पण अग्नी असतो तिथे ते असेलच असे नाही. अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात; साध्याबरोबर ती नेहमी असते, हेतूबरोबर नेहमी नसते. पांढऱ्या धुरामागची उपाधी म्हणजे इंजिन पुरते तापल्यावरही तो टिकणे. सिलिंडरात पाणी चांगले गळत असेल तर गाडी दहा-पंधरा मिनिटे चालल्यावरही धूर जात नाही. निवलेली वाफ मात्र तोवर नाहीशी होते. ही अट हेतूत मिसळली, की 'तापल्यावरही न जाणारा पांढरा धूर' हा नवा आणि कितीतरी बळकट हेतू हाती येतो. उपाधी सापडणे म्हणजे हरणे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दुरुस्तीतली निम्मी अक्कल उपाधी शोधण्यातच असते.

एवढे करूनही सिद्ध काय झाले, हे नीट पाहावे. सिद्ध झाले ते सिलिंडरात पाणी जाते इतकेच. ते गॅस्केटमधूनच जाते हे नव्हे. हेडला तडा गेला असेल, क्वचित ब्लॉकला. घरच्या घरी होणाऱ्या निदानात चूक पुष्कळदा हेतूत नसते, साध्यात असते. पुरावा एका गोष्टीचा असतो आणि निष्कर्ष तिच्या शेजारच्या गोष्टीचा काढला जातो. म्हणून हेड खोलायचे ठरवणाऱ्याने आपली प्रतिज्ञा 'गॅस्केट गेले आहे' अशी न मांडता 'हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्याशी किंवा त्याच्या आसपास गळती आहे' अशी मांडावी. हेड उतरवायला तेवढी पुरते, आणि ती खरी असते.

न्यायसूत्रांत अनुमानावर घेतलेला एक आक्षेप या संदर्भात विशेष मोलाचा आहे. नदीला पूर आला, तेव्हा वरच्या भागात पाऊस झाला असे आपण मानतो. आक्षेपक म्हणतो, नदी मध्येच अडवली गेली तरी पाणी चढते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार असे म्हणतात, पण कोणी वारूळ मोडले तरी त्या अंडी घेऊन निघतात. मोराचा आवाज ऐकून तिथे मोर आहे असे म्हणावे, तर माणूसही तसा आवाज काढतो. मग अनुमान हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे भरवशाचे साधन, कसले? सूत्रकारांचे उत्तर असे, की आक्षेपकाने दाखवलेल्या गोष्टी मूळ हेतूहून वेगळ्याच आहेत; त्या फक्त त्याच्यासारख्या दिसतात. या सूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात पुढे सांगितले आहे, की पावसाने आलेल्या पुराला वेग असतो, फेस असतो, आणि पाण्याबरोबर पाने, फळे, लाकडे वाहत येतात. नुसते चढलेले पाणी पाहून पावसाचे अनुमान करणाऱ्याची चूक आहे, अनुमानाची नाही.

इंजिनाच्या बाबतीत हे उत्तर शब्दशः उपयोगी पडते. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत पिवळसर पांढरी साय दिसली, की बहुतेक जण घाबरतात. पण गाडी रोज दोन किलोमीटरच चालवली जात असेल, तर ऑइल कधी पुरते तापत नाही, आतला दमटपणा उडून जात नाही आणि तशी साय झाकणावर साचते. पावसाळ्यात कोकणात तर हमखास. पाणी खरोखर ऑइलमध्ये उतरले असेल, तर खुणा वेगळ्या असतात: डिपस्टिकवरचे ऑइल मुळापासून दुधाळ होते, त्याची पातळी वाढलेली दिसते, आणि रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा ड्रेन बोल्ट हलकेच सैल केला तर ऑइलच्या आधी पाणी येते, कारण पाणी जड असल्याने तळाशी बसते. झाकणावरची साय म्हणजे नुसते चढलेले पाणी. तळातून आधी आलेले पाणी म्हणजे फेस आणि लाकडे वाहून आणणारा पूर. एक खूण मात्र आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत बहुधा निकामी ठरते. परदेशी पुस्तके धुराला गोडसर वास येतो का ते पाहायला सांगतात. तो वास कूलंटमधल्या ग्लायकॉलचा असतो, आणि नळाचे साधे पाणी घातलेल्या पद्मिनीला तो येणारच नाही. एका देशात पाहिलेली व्याप्ती दुसऱ्या देशात तिच्या अटींसकट न्यावी लागते.

चार्वाकाचा आक्षेप याहून खोल आहे. त्याच्या मते व्याप्ती कधीच कळत नाही. पाहिलेल्या सगळ्या गाड्यांत असे घडले, म्हणून न पाहिलेल्या गाडीत घडेलच हे कशावरून? उपाधी नाही असे म्हणण्यासाठी सगळ्या शक्य उपाधी तपासल्या पाहिजेत, आणि ते कोणालाच शक्य नाही. म्हणून प्रत्यक्ष तेवढे खरे, म्हणजे हेड खोला आणि पाहा. या मताला सरसकट हसण्याचे कारण नाही. खोलून पाहिल्याशिवाय पैजेवर सांगत नाही, असे म्हणणारा अनुभवी मिस्त्री त्याच्या फार दूर नसतो. शिवाय पुरंदर नावाच्या चार्वाकाने लौकिक व्यवहारापुरते अनुमान मानले होते, असे जुने ग्रंथकार सांगतात. नैयायिक उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास या आक्षेपाला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे: शंका घ्यावी, पण स्वतःच्या वागण्याशी विरोध येईपर्यंतच. धूर हवा असला की जो माणूस निमूटपणे अग्नी पेटवतो, त्याला धूर अग्नीपासून होतो की नाही अशी शंका घेण्याचा हक्क उरत नाही. श्रीहर्ष या तत्त्वज्ञाने पुढे हेच उत्तर उलटवले. विरोध आहे म्हणायचे तर शंका आधी गृहीत धरावी लागते, मग विरोध शंकेला सीमा कसा घालणार, असा त्याचा प्रश्न आहे. शुद्ध वादात श्रीहर्ष सहजासहजी मागे हटत नाही, हे मान्य करावे लागेल.

तरी गॅरेजच्या फरशीवर उदयनाचार्यांचेच म्हणणे टिकते, एका दुरुस्तीसह. शंका कुठे थांबवायची हे कृतीच्या किमतीवरही ठरवावे लागते. थंड इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण काढून आत डोकावायला काहीच पडत नाही, म्हणून तेवढ्या कृतीला किंचित संशयही पुरे. हेड उतरवायला बरेच काही पडते, म्हणून त्याआधी शंकेचे जितके निरसन स्वस्तात करता येईल तितके करायलाच हवे. न करता हेड खोलणे हा आळस आहे, आणि सगळे करून झाल्यावरही 'कोण जाणे' म्हणत गाडी तशीच दामटणे हाही आळसच.

स्वस्तातल्या निरसनाची रीत धर्मकीर्तीने सातव्या शतकाच्या सुमारास सांगून ठेवली आहे. दोन गोष्टी नुसत्या अनेकदा सोबत दिसल्या, यावर या बौद्ध आचार्याचा भरवसा नव्हता. त्याला कार्यकारण हवे होते. आधी धूर नाही; अग्नी आला, धूर आला; अग्नी गेला, धूर गेला; या क्रमाने पाहिल्यावरच धूर हे अग्नीचे कार्य ठरते. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात, तेव्हा हेच करायचे असते. बुडबुडे जळक्या वायूचे असतील, तसेच नुकतेच पाणी भरल्याने अडकलेल्या हवेचे किंवा पंपाने घुसळलेल्या पाण्याचेही असतील. थंड इंजिनाचा फॅन बेल्ट काढावा, म्हणजे पंप फिरत नाही. रेडिएटर काठोकाठ भरून झाकण उघडे ठेवावे आणि इंजिन अर्धा-पाऊण मिनिट चालवावे, त्याहून अधिक नाही. पंप थांबलेला असूनही बुडबुडे येत राहिले, तर पंप कारण म्हणून गळला. मग एकेका सिलिंडरच्या प्लगची वायर काढून जमिनीला टेकवावी. ज्या सिलिंडरचे जळणे थांबल्यावर बुडबुडे कमी होतात, तिथे गळती. अन्वय (एक असता दुसरे असणे) आणि व्यतिरेक (एक नसता दुसरे नसणे) इतक्या उघडपणे पाहायला मिळतात अशा जागा आयुष्यात थोड्याच.

याच परीक्षेत सर्वांत जास्त फसवणारी गोष्टही आहे: बुडबुडे न दिसणे. दिसले नाही म्हणून नाही, असे माणूस पटकन म्हणतो. अभावाचे ज्ञान कसे होते यावर मीमांसक, बौद्ध आणि नैयायिक यांचे आपापसांत कितीही मतभेद असोत, एका अटीवर त्यांचे एकमत आहे. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असली तरच तिचे न दिसणे तिचा अभाव सिद्ध करते. उजेडात जमिनीवर घडा दिसत नाही म्हणजे घडा नाही; अंधारात दिसत नाही यावरून काहीच ठरत नाही. गॅस्केटची फट पुष्कळदा इंजिन तापून हेड ताणले गेल्यावरच उघडते. थंड इंजिनाची परीक्षा ही अशा फटीपुरता अंधार आहे. तिथे बुडबुडे नसल्याचा अर्थ 'अजून ठरले नाही' इतकाच. अशा वेळी गरम इंजिनावर करायची रासायनिक परीक्षा कामी येते. रेडिएटरच्या तोंडावर निळे द्रव भरलेली नळी बसवून आतली हवा त्यातून ओढतात. जळक्या वायूतला कार्बन डायऑक्साइड लागला की द्रव पिवळे होते. गॅस्केट आणि हेड धड असते तर हा वायू पाण्यात आलाच नसता, असा हा तर्क. न्यायमतात तर्क स्वतः ज्ञान देत नाही. तो उलट बाजूची शंका छाटतो आणि प्रमाणाला वाट मोकळी करून देतो. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात सहा दर्शने हे हात आणि तर्क हा परशू कल्पिला आहे, तो या दृष्टीने अगदी नेमका आहे.

कॉम्प्रेशनची परीक्षा थोडक्यात सांगता येते. सगळे प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजतात. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब सारखाच पडलेला असेल, तर त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर गॅस्केट जळल्याचा संशय बळावतो. सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांकडे जातो. हे परिशेषाचे अनुमान झाले. एकेक पर्याय वगळत उरेल तो खरा. पर्यायांची यादी पुरी असेल तेवढेच त्याचे बळ, हे विसरू नये. यादीत व्हॉल्व्ह राहून गेले, तर सगळी वजाबाकी वाया.

काही गोष्टी पाहून कळत नाहीत आणि अनुमानानेही कळत नाहीत. हेडचे नट कोणत्या क्रमाने आणि किती जोराने आवळायचे, ही त्यांतली एक. इथे शब्द हेच प्रमाण, म्हणजे कारखान्याचे मॅन्युअल किंवा जाणत्या मिस्त्रीचे सांगणे. कोणाचा शब्द मानावा याचे वात्स्यायनाने दिलेले उत्तर उदार आहे: ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखेच लागू आहे, असेही त्याने स्पष्ट म्हटले आहे. हजार हेडे बसवलेला, शाळेचे तोंड न पाहिलेला मिस्त्री या व्याख्येने पुरा आप्त ठरतो. चमकदार दुकान मांडलेला पण स्वतः पाना न धरलेला माणूस ठरत नाही. आप्ताचा शब्दही त्याच्या अटींसह घ्यायचा असतो. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी आहे की ऑइल लावलेल्या, हे पाहिले नाही तर टॉर्क पाना अचूक असूनही आवळणे चुकते.

मग प्रत्यक्ष. इंजिन रात्रभर निवलेले हवे. गरम हेड सैल केले तर वाकते, आणि गरम रेडिएटरचे झाकण उघडले तर माणूस भाजतो. बॅटरी सोडायची, पाणी काढायचे, कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि रॉकर उतरवायचे. पुशरॉड पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात क्रमाने खोचून ठेवायचे, कारण प्रत्येक रॉड आपापल्या जागी घासून बसलेला असतो. हेडचे नट कडेकडून मध्याकडे, प्रत्येक थोडा थोडा सैल करत जायचे. हेड चिकटून बसले तर फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा मोह आवरायचा. त्याचा एक ओरखडा नव्या गळतीला पुरतो.

हेड वर आले, की जे इतके दिवस अनुमानाने जाणले ते समोर येते. चार पिस्टनांपैकी तीन काजळीने काळे मिचकूट असतात आणि एक लख्ख असतो. नवशिक्याला वाटते, हाच सिलिंडर ठणठणीत. तोच दोषी असतो. त्यात शिरलेल्या पाण्याची वाफ होऊन तिने काजळी धुऊन काढलेली असते. त्याच्या बाजूला गॅस्केटच्या धातूच्या कडीवर काळा, जळका ओघळ सापडतो, पाण्याच्या भोकापासून थेट सिलिंडरच्या काठापर्यंत. डोळ्यांना दिसते तेही समजून घ्यावे लागते, याचा इतका चांगला दाखला क्वचितच मिळेल. प्रत्यक्षातही भ्रम होतो, हे नैयायिक जाणून होते. उचलताना फाटलेले गॅस्केट आणि आधीच जळलेले गॅस्केट यांत गल्लत होऊ शकते. ताज्या फाटलेल्या कडेवर काजळी नसते, जुन्या वाटेवर असते.

कधी गॅस्केट धड दिसते, तरी गळती खरी असते. तेव्हा धातूची सरळ पट्टी हेडवर उभी धरून तिच्याखाली फीलर गेजचे पाते सरकवून पाहायचे, लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. साधारण ०.०५ मिलिमीटरचे पाते कुठे आरपार गेले, तर बहुतेक मॅन्युअलांच्या हिशेबाने हेड वाकले. ही जाडी माणसाच्या केसाहून कमी आहे. अशा हेडची लेथवाल्याकडून फेसिंग करून घ्यावी आणि तड्यासाठी दाबाखाली तपासणीही करून घ्यावी, म्हणजे गॅस्केट की तडा हा मघाचा अनिर्णित प्रश्नही निकालात निघतो. जुन्या गाड्यांच्या गॅस्केटांत अनेकदा अॅस्बेस्टॉस असे. म्हणून चिकटलेले तुकडे कोरडे घासू नयेत. ओले करून बोथट पात्याने सोडवावेत आणि धूळ उडू देऊ नये. बोल्टांच्या आंधळ्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहिले, तर आवळताना त्याच्या दाबाने ब्लॉक तडकू शकतो, तेव्हा ती कोरडी करावीत. नवे गॅस्केट खुणेप्रमाणे वरची बाजू वर ठेवून बसवावे आणि नट मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. मग टॅपेट सेटिंग, नवे ऑइल, पाणी.

गाडी सुरू होते, तापत नाही, धूर नाही. निदान खरे ठरले का? वात्स्यायनभाष्याचा आरंभच या विचाराने होतो: ज्ञानानुसार केलेली कृती सफळ झाली की ते ज्ञान प्रमाण ठरते. लांबून पाणी दिसले, माणूस गेला, प्याला, तहान भागली. मग ते दिसणे खरे होते. मीमांसक यावर विचारतात, की तहान भागल्याचे ज्ञान तरी कशाने तपासणार? अशी साखळी संपतच नाही. म्हणून ज्ञान मुळातच प्रमाण मानावे, आणि बाधा येईल तेव्हाच टाकावे. ऐकायला हे सोपे वाटते, पण दुरुस्तीत ते घातक आहे, कारण बाधा महामार्गावर येते. न्यायमत इथे अधिक सावध आहे, तरी तेही पुरे पडत नाही. हेड खोलणारा माणूस सहसा एकटे गॅस्केट बदलत नाही. हाताशी आलेच आहे म्हणून तो थर्मोस्टॅट बदलतो, पंप बदलतो, होज बदलतो, रेडिएटर धुतो. गाडी तापायची थांबली, तर यश कोणाचे? कार्याच्या आधी हजर असूनही कारण नसलेल्या गोष्टीला न्यायशास्त्र अन्यथासिद्ध म्हणते. मडके घडवण्याआधी कुंभाराचे गाढव माती घेऊन आलेले असते, म्हणून गाढव मडक्याचे कारण होत नाही. घाईने फाडून टाकलेल्या जुन्या गॅस्केटविषयी ते गाढव होते की कारण, हे कधीच कळत नाही. म्हणून जुने गॅस्केट जपून ठेवावे, उजेडात दोन्ही बाजूंनी पाहावे, जळका ओघळ कोणत्या सिलिंडरला लागून होता ते लिहून ठेवावे, आणि आधी केलेल्या परीक्षांशी ते जुळते का ते पडताळावे. यश आणि पुरावा दोन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत असतील, तेव्हाच निदान खरे होते असे म्हणता येते.

घरी काम करणाऱ्याला याची जास्त गरज आहे. गॅरेजवाल्याला गिऱ्हाइकाला पटवावे लागते, म्हणून त्याचे अनुमान परार्थ असते आणि पाचही अवयव त्याला बोलून दाखवावे लागतात. घरच्या कारागिराचे अनुमान स्वार्थ, स्वतःपुरते असते. त्याला उदाहरण मागणारे कोणी नसते. पहिला नट सैल करण्याआधी त्याने ते पाच अवयव कागदावर लिहावेत आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवावेत.

जुन्या प्रकारच्या गॅस्केटला गाडी पहिल्यांदा पुरती तापून निवल्यावर, आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेले अंतर चालल्यावर, नट पुन्हा आवळून घ्यावे लागतात. त्यानंतर टॅपेटही पुन्हा तपासावे लागतात. रेडिएटरमधली पाण्याची पातळी काही आठवडे रोज सकाळी थंड इंजिनावर पाहावी. आणि एक अनुमान अजून बाकी असते. अॅल्युमिनियम हेडच्या गाडीत गॅस्केट सहसा आपण होऊन जात नाही, आधी गाडी तापलेली असते. ती का तापली याचा शोध न घेता, बुजलेला रेडिएटर किंवा झिजलेला पंप तसाच ठेवून बसवलेले नवे गॅस्केटही त्याच वाटेने जाते.